डोंगरपायथ्याची आश्रमशाळा

श्रोतेहो, खेड्यांतील शाळेंत शिकविण्याचा आपला अनुभव सांगावा, असें आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांनीं मला लिहिलें, तेव्हां प्रथम मनांत संकोच उत्पन्न झाला. मी १९७५ सालीं मॅट्रिक झालों, पुढें अध्यापनाची पदविका घेतली, आणि १९७९ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षें, कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील आश्रमशाळांतून मास्तरकी केली. पदवीची पायरी चढणें मला कधीं साधलें नाहीं. तेव्हां शिक्षणशास्त्रावर ज्यांचा अधिकार आहे त्यांनीं त्यावर बोलावें. मीं जें डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच मी येथें सांगणार आहें.

आपणांपैकीं पुष्कळांनीं कर्जत पाहिलें असेल तें आगगाडीच्या खिडकींतून. गाडी थांबते, घाट चढविण्यासाठीं तिला मागून इंजिनें जोडतात, तेवढ्या अवकाशांत आपण बटाटेवडे घेतां, आणि गाडी पळसदरीकडे वळली म्हणजे कर्जत मागें पडतें. नेरळहून माथेरानला जाणारे असतात, हल्लीं शेतघरें बांधणारेहि पुष्कळ झाले आहेत. परंतु स्टेशनापासून पूर्वेस भीमाशंकरच्या रांगेकडे निघावें, कोथळीगडाचा सुळका समोर दिसूं लागावा, आणि मग डांबरी सडक सोडून उजवीडावीकडे कोठेंहि वळावें, म्हणजे जो मुलूख लागतो तो माझा. खालापूरच्या अंगास इर्शाळगडाच्या पायथ्याशींहि तसाच मुलूख आहे. येथें ठाकरांच्या वाड्या आहेत व कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. शहरांतील माणसें दोघांनाहि सरसकट 'आदिवासी' म्हणतात; पण ठाकर हा डोंगरउतारावर नाचणी-वरी करणारा, थोड्याफार जमिनीचा धनी; आणि कातकरी हा पूर्वीं खैराचा कात काढणारा, तो धंदा गेल्यावर बहुधा भूमिहीन राहिलेला. दोघांचीं मुलें एका बांकावर बसवावयाचीं, तर पहिले कांहीं दिवस मास्तरांस मध्यें बसावें लागे.

शाळा हा प्रकार या भागांत अगदींच नवा होता असें मात्र नाहीं. माथेरानचे भाई कोतवाल यांनीं १९४२ च्या चळवळींत उडी घेण्यापूर्वीं कर्जत तालुक्यांतील खेड्यापाड्यांत शाळा काढल्या होत्या. गरीब कुळांसाठीं धान्यकोठारेंहि काढलीं होतीं. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनीं पडले. हुतात्मा म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक असतें. शाळांविषयीं विचारलें तर कोणी सांगूं शकत नाहीं. तिकडे उत्तरेस कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं तर गुरें राखणाऱ्या मुलांमागें शाळाच कुरणांत नेली. आमचें सरकार १९७२ च्या सुमारास आश्रमशाळा काढूं लागलें, त्यांत उलट योजना होती: मुलांनीं वाडी सोडून शाळेंत राहावयास यावें, जेवण, कपडे, पुस्तकें सर्व सरकारचें. दोहोंत बरें कोणतें, याविषयीं माझें मत आयुष्यांत तीन वेळां बदललें आहे.

मी रुजू झालों तेव्हां आमची शाळा एका शेतकऱ्याच्या भाड्यानें घेतलेल्या घरांत भरत असे. दिवसा जो वर्ग तीच रात्रीं निजण्याची जागा. जमीन शेणानें सारवलेली, वर कौलें, आणि पावसाळ्यांत जेवणाचीं ताटें गळक्या जागीं मांडून ठेवावयाचीं. वीज नव्हती. खोपोलीचें वीजघर १९१५ पासून आणि भिवपुरीचें १९२२ पासून चालू आहे. याच डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. पण आमच्या मुलांनीं पाढे पाठ केले ते कंदिलापुढें बसून. हें मी गाऱ्हाणें म्हणून सांगत नाहीं. मुलांस कंदील ही चैन वाटे, कारण घरीं तोहि नसे.

पहांटे रुळाच्या तुकड्यावर टोला पडे. ओढ्यावर स्नान, प्रार्थना, पोहे अथवा उपमा, मग वर्ग, संध्याकाळीं खेळ, रात्रीं अभ्यास. मुख्याध्यापक, अधीक्षक, स्वयंपाकी आणि कामाठी हा सर्व परिवार. सरकारी कागदांत स्वयंपाकिणीचें काम भात, आमटी व उसळ करणें एवढेंच लिहिलेलें असे. प्रत्यक्षांत सहा वर्षांच्या पोरी रात्रीं रडूं लागल्या म्हणजे त्यांना पोटाशीं घेऊन निजणें हेंहि तीच करी, आणि त्याचा पगार तिला कोणी दिला नाहीं. खरूज हा आमच्या शाळेचा कायमचा विद्यार्थी होता. रविवारीं मुलांना रांगेनें उभीं करून गंधकाचें मलम लावणें हा मास्तरांचा कार्यक्रम असे, आणि दर पावसाळ्यांत तो मास्तरांच्या अंगावरहि उठे.

पहिल्याच दिवशीं सात-आठ वर्षांचा एक मुलगा माझ्यापुढें येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुरजी, तूं जेवलास का?" मी नवखा होतों. माझ्या कानशिलांत ऊन रक्त चढलें. नंतर कळलें कीं त्यांच्या बोलींत 'तुम्ही' नाहींच. बापालाहि तूं, पाटलालाहि तूं, देवालाहि तूं. मी वर्षभर खपून त्यांना 'तुम्ही' म्हणावयास शिकविलें. पाहुण्यांपुढें तीं मुलें 'तुम्ही' म्हणूं लागलीं. परंतु मी जेवलों कीं नाहीं हें मात्र मला पुढें कोणी विचारलें नाहीं. तेव्हांपासून मीं तो धडा सोडून दिला.

शहरांतील सुशिक्षितांस वाटतें कीं, मराठी मुलूख, मराठी शाळा, मग भाषेची अडचण ती काय? एकदां पाठ्यपुस्तकांत सहलीचा धडा होता. मुलें डबे घेऊन रानांत गेलीं, झाडाखालीं बसलीं, हिंडलीं आणि परत आलीं. धडा वाचून झाल्यावर मी विचारलें, "समजलें का?" एक ठाकराची मुलगी उठून म्हणाली, "लाकडं आणायचीं नव्हतीं, मग रानांत कशाला गेलीं?" मीं पुष्कळ समजावून सांगितलें. वर्गाचा निकाल असा झाला कीं, तीं मुलें मास्तरांपासून पळालीं असलीं पाहिजेत.

विज्ञानाच्या तासाला मात्र मी विद्यार्थी आणि तीं मास्तर. मूळ, खोड आणि कंद यांतील भेद मीं फळ्यावर काढून दाखविला, तर दुसऱ्या दिवशीं एक कातकऱ्याचा मुलगा कडूकंद घेऊन हजर. हा तसाच खाल्ला तर घसा धरतो. याच्या चकत्या करून राखेबरोबर उकडावयाच्या आणि रात्रभर वाहत्या पाण्यांत ठेवावयाच्या, मग कडूपणा जातो, हें त्यानें मला शिकविलें. पाऊस पडला कीं शेवळीं कोठें उगवतील, भारंगीचा कोंवळा पाला कधीं खुडावा, टाकळा कोणता आणि कुरडू कोणता, हें दहा वर्षांच्या पोरांस तोंडपाठ होतें. परीक्षेंत यांपैकीं एकहि प्रश्न येत नसे. परीक्षेंत 'बटाटा हें खोड आहे कीं मूळ?' असा प्रश्न येई, आणि बटाटा त्यांच्या घरीं क्वचितच शिजे.

पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशांतल्या खेड्यांतील माध्यमिक शाळांविषयीं मध्यंतरीं माझ्या वाचनांत आलें. तेथें मूल वसतिगृहांत जातें तें दोन पेट्या घेऊन; एक कपड्यांची आणि दुसरी लांकडी, कुलूप लावलेली, खाण्याच्या जिनसांची. आईनें दिलेलें पीठमीठ त्या पेटींत जपून ठेवावयाचें. तेथील विद्यार्थीहि शाळेच्या आवारांतील गवत लांब कोयत्यांनीं कापतात, आणि चुकारांस तीच शिक्षाहि मिळते. हें वाचून मला मोठी मौज वाटली, कारण आमच्याकडेहि गवत मुलेंच कापीत. फरक इतकाच कीं आमच्या मुलांस गवत कापणें ही शिक्षा वाटत नसे, वर्गांत बसणें हीच शिक्षा वाटे. पेटीहि होती, सरकारनें दिलेली, पत्र्याची. अधीक्षकांनीं पेट्या तपासण्याचा नियम होता. त्यांत वह्यांखालीं गलोल, भोवरा, खेकड्याचा नांगा आणि हटकून सुकटीची एक पुडी निघे. तिच्या वासानें सारी खोली भरून जाई. आमचे अधीक्षक मोठे कडक गृहस्थ. पण सुकटीची पुडी निघाली कीं त्यांना नेमका खोकला येई आणि ते तोंड वळवून पुढच्या पेटीकडे जात.

घानामध्यें २०१७ पासून वरच्या माध्यमिक वर्गांचें शिक्षण विनामूल्य झालें. आमच्या आश्रमशाळांत तें आरंभापासूनच विनामूल्य होतें. तरीहि मुलें पळून जात. तीं सडकेनें जात नसत. डोंगरधार ओलांडून, ओढ्याओढ्यानें जात, आणि आठ-नऊ वर्षांचें पोर अंधारांत दहा-बारा मैल चालून बिनचूक आपल्या झोपडीशीं पोंचे. मग दुसऱ्या दिवशीं मी आणि कामाठी त्या वाडीवर जात असूं. घरांतलीं माणसें कधीं भांडत नसत. काळा चहा देत, पोरास पुढें करीत, आणि आम्ही त्याला घेऊन येत असूं. एकदां मात्र एका बाईनें चहा देतां देतां मला विचारलें, "गुरजी, तूं तुझीं पोरं कुठं ठेवलींस?" माझीं मुलें कर्जतला आपल्या आईजवळ होतीं. मीं कपांतील चहा संपविला आणि उठलों. तो मुलगा त्या दिवशीं मीं आणला नाहीं. तो आपण होऊन पांचव्या दिवशीं आला.

त्या बाईच्या प्रश्नाची आठवण मला पुढें फार निराळ्या वेळीं झाली. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, भर पावसांत, खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी, गडाच्या पदरांत वसलेली, जावयास नीट वाट नाहीं. सत्तावीस प्रेतें हातीं लागलीं, सत्तावन्न माणसांचा पत्ताच लागला नाहीं, आणि चौथ्या दिवशीं शोध थांबविण्यांत आला. वाडींतील कांहीं मुलें त्या रात्रीं आश्रमशाळांतून निजलेलीं होतीं, म्हणून तीं राहिलीं. मी तेव्हां निवृत्त झालेला होतों. एका जुन्या सहकाऱ्यानें दूरध्वनीवरून मला विचारलें, "मास्तर, सकाळीं प्रार्थनेला मुलांपुढें काय बोलूं?" मला कांहीं सांगतां आलें नाहीं. आश्रमशाळा नसती तर तीं मुलेंहि गेलीं असतीं, हें खरें आहे. परंतु त्या बाईला हें उत्तर म्हणून देण्याची माझी छाती नाहीं.

आतां वरच्या वर्गांविषयीं सांगितलें पाहिजे. पांचवीला ज्या वर्गांत चाळीस मुलें, त्याच वर्गांत दहावीला बारा-तेरा उरत. याचें कारण बुद्धि नव्हे. याचें कारण दिवाळी. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, कीं कातकरी वाड्या ओस पडतात. मालक पावसाळ्यांतच उचल देऊन ठेवतो. ती फेडण्यासाठीं नवरा-बायको पोराबाळांसह वीटभट्टीवर, नाहींतर कोळशाच्या भट्टीवर जातात, तीं पहिल्या पावसाला परत येतात. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे भट्टीवर एक पुरा गडी, आणि बारा वर्षांची मुलगी म्हणजे धाकट्या भावंडांची आई. अशा मुलाला शाळेंत ठेवणें म्हणजे बापानें दर आठवड्याला हातची मजुरी सोडून देणें होय. सरकारनें सर्व फुकट दिलें, असें आपण म्हणतों. कातकऱ्याला तें कधींच फुकट पडलें नाहीं.

अशांपैकींच एक मुलगा १९९४ सालीं नववींत होता. त्या वर्षीं गणिताचे पदवीधर शिक्षक मिळाले नाहींत, म्हणून नववीचें गणित मजकडे आलें होतें. माझें गणित मॅट्रिकपुरतेंच. तेव्हां मी बीजगणित कसेंबसें उरकीत असें आणि व्यवहारी हिशेबांवर जोर देत असें. टक्केवारी, व्याज, नफातोटा. मुलगा हुशार, अबोल. नखानें जमिनीवर आंकडे काढी. उन्हाळ्याच्या सुट्टींत तो आईबापांकडे भट्टीवर गेला. जूनमध्यें परत आला तो एक कागद घेऊन. म्हणाला, "गुरजी, हा हिशेब तपास."

बापाला लिहितां येत नव्हतें. रोज हजार विटा पाडून झाल्या कीं तो झोपडीच्या कुडावर कोळशाची एक रेघ ओढी. मुलानें त्या रेघा मोजल्या होत्या: एकशें अठरा. दर हजारीं नव्वद रुपये, म्हणजे १०,६२० रुपये. उचल घेतलेली ३,५००, आणि तेवीस आठवडे दर आठवड्याला दोनशें रुपये खर्ची, म्हणजे ४,६००. दोन्ही वजा जातां २,५२० रुपये येणें निघत होते. मालकाच्या वहींत विटा ब्याण्णव हजार, आणि औषधपाण्याचे चारशें रुपये निराळे लावलेले. त्यामुळें येणें तर राहोच, उलट २२० रुपये बापाच्याच अंगावर बाकी. मीं हिशेब दोनदां तपासला. मुलाचा बरोबर होता. मीं त्यावर लाल शाईनें 'बरोबर' असें लिहिलें, आणि खालीं सही केली. श्रोतेहो, ती सही करतांना मला जो आनंद झाला तो मी आज लपवीत नाहीं. पंधरा वर्षांच्या मास्तरकींत आपलें एक गणित वर्गाबाहेर जाऊन उभें राहिलें, असें मला वाटलें.

बापलेक तो कागद घेऊन मालकाकडे गेले. मालक रागावला नाहीं. त्यानें कागद पाहिला, सही पाहिली, हंसला, पांचशें रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, "उरलेले मास्तरांकडून घ्या." त्या श्रावणांत वाडींतील सर्वांना उचली मिळाल्या, या एका घराला आसपासच्या कोणत्याहि मालकानें उचल दिली नाहीं. पावसाळ्यांत घरांत धान्य नसतें, त्या दिवसांत उचल नाहीं म्हणजे काय, हें मी शब्दांनीं सांगूं शकत नाहीं. शेवटीं तें कुटुंब दूर घाटावर कोणा मुकादमाबरोबर गेलें, आणि दूरचें काम म्हणून मुलांनाहि बरोबर घेऊन गेलें. मुलगा दहावीच्या वर्गांत बसला तो दिवाळीपर्यंत. सुट्टीनंतर आला नाहीं. मी दोनदां वाडीवर गेलों. झोपडीच्या दाराला काट्या लावलेल्या होत्या. नियमाप्रमाणें कांहीं महिन्यांनीं पटावरून नांव कमी करावें लागतें, तें मींच कमी केलें.

दाव्याचा, पोलिसांचा, कोणा संघटनेचा मार्ग मला तेव्हां कां सुचला नाहीं, असें आपण विचाराल. त्या भागांत कातकऱ्यांसाठीं झटणारे कार्यकर्ते तेव्हांहि होते. पण मी सरकारी नोकर, बदलीला भिणारा. सही करून मोकळा झालों. हिशेब बरोबर आहे एवढेंच मीं पाहिलें. तो घेऊन कोणाच्या दारांत जावयाचें आहे, हें पाहिलें नाहीं.

माझ्या निवृत्तीपूर्वीं एक वर्ष, म्हणजे २०१५ मध्यें, त्याच शाळेंत माझी पुन्हां बदली झालेली होती. एके दिवशीं पस्तिशीचा एक गृहस्थ कचेरीच्या दारांत येऊन उभा राहिला. मीं ओळखलें नाहीं. तो म्हणाला, "गुरजी, तूं म्हातारा झालास." मग ओळखलें. त्याला मुलीसाठीं जातीचा दाखला काढावयाचा होता. अनुसूचित जमातीचा दाखला मागणाराकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आजाजवळ जमीन नाहीं, घराचा उतारा नाहीं, त्यानें तो कोठून आणावा? त्याच्या साऱ्या घराण्यांत लिहिलेला कागद म्हणून एकच होता: आमच्या शाळेच्या नोंदवहींतील त्याचें नांव, आणि त्यापुढें 'हिंदु कातकरी' अशी जात. तिच्यावर चौकशी तरी सुरू होऊं शकत होती.

मीं जुनी नोंदवही काढली. पान वाळवीनें कडेला खाल्लें होतें, अक्षर शाबूत होतें, अक्षर माझेंच. शाळा सोडल्याचा दाखला लिहूं लागलों. जन्मतारीख, जात, प्रवेशाची तारीख, इयत्ता, वर्तणूक, आणि शेवटीं रकाना येतो तो शाळा सोडण्याच्या कारणाचा. त्या रकान्यांत १९९५ सालीं मीं लिहून ठेवलें होतें, 'सतत गैरहजर'. नोंदवहींत जें आहे तेंच दाखल्यावर उतरावें लागतें. त्यांत बदल करण्याचा अधिकार मला नव्हता. मीं उतरविलें, शिक्का मारला आणि कागद त्याच्यापुढें सरकविला. त्यानें तो वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. वाचन त्याचें अजून चांगलें होतें. शेवटच्या रकान्यापाशीं थोडा थांबला. बोलला कांहीं नाहीं. मग कागद प्लास्टिकच्या पिशवींत घालून पिशवीची नीट घडी केली आणि सदऱ्याच्या आंत ठेवली.

मुलगी पांचवींत होती. जूनपासून तिला आमच्या शाळेंत आणावयाचें म्हणत होता. जातां जातां दारांतून त्यानें विचारलें, "हिला गणित कोण शिकवील?" मीं नव्या बाईंचें नांव सांगितलें, बाई पदवीधर आहेत, चांगल्या शिकवितात, असेंहि सांगितलें. त्यानें मान हालविली. बाहेर रिक्षा थांबलेली होती, कर्जतला कचेरी बंद होण्यापूर्वीं पोंचावयाचें होतें, म्हणून तो पावसांतच निघून गेला.